प्रवासी ट्रेलरवरील हौशी रेडिओ आकाशक

प्रवासी ट्रेलरवरील हौशी रेडिओ आकाशक : मोटारगाडीच्या मागे जोडून ओढून नेता येणाऱ्या आणि आत राहण्याची सोय असलेल्या चाकांवरील घराला प्रवासी ट्रेलर म्हणतात. अशा ट्रेलरमधून हौशी रेडिओ केंद्र चालविण्यासाठी रेडिओ तरंगांचे प्रेषण व ग्रहण करणारी जी दांडी, तार वा डोलकाठीवरील रचना बसवितात, ती म्हणजे ट्रेलरवरील आकाशक होय. प्रस्तुत नोंदीत या रचनेच्या विकासाचा इतिहास व त्यामागील शास्त्रीय कारणे यांचा विचार केला आहे.

या विकासाच्या मुळाशी एक साधी अडचण आहे. जमिनीवर उभा केलेला आकाशक चांगले कार्य करण्यासाठी त्याची लांबी तरंगलांबीच्या सु. एक चतुर्थांश असावी लागते. हौशी केंद्रचालकांच्या ८० मी. पट्ट्यात ही लांबी सु. २० मी., तर ४० मी. पट्ट्यात सु. १० मी. भरते. याउलट ट्रेलरचे छप्पर जमिनीपासून सु. ३ मी. उंच असते आणि अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत रस्त्यावरील वाहनाची उंची सु. ४·१ मी. पेक्षा अधिक असू नये असा नियम आहे. म्हणजे छपरावर जेमतेम एक मीटर उंची शिल्लक राहते. पूल, बोगदे व झाडांच्या फांद्या या मर्यादेत आकाशक कसा सामावावा, आणि सामावल्यावर त्यापासून उपयुक्त प्रारण कसे मिळवावे, या दोन प्रश्नांची निरनिराळ्या काळांतील उत्तरे म्हणजेच या विषयाचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : हौसेखातर फिरते घर बांधून प्रवास करण्याची प्रथा इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. नौदलातील निवृत्त शल्यवैद्य व लेखक गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टल येथील कारखान्यात ‘वाँडरर’ नावाचे घोड्यांनी ओढावयाचे घर बांधवून घेतले आणि त्यातून इंग्लंड व स्कॉटलंडचा प्रवास केला. १९०७ मध्ये इंग्लंडमध्ये कॅरॅव्हान क्लब ही संस्था स्थापन झाली. अमेरिकेत मोटारगाडीचा प्रसार झाल्यावर या प्रथेला वेगळे वळण लागले. डिट्रॉइटचे आर्थर शर्मन यांनी १९२९ च्या सुमारास ट्रेलरचे उत्पादन आरंभिले. विमानबांधणीत अनुभव मिळविलेल्या हॉली बोलस यांनी १९३४ मध्ये ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, विमानाच्या कायेसारखा ट्रेलर तयार केला. वॉली बायम (१८९६–१९६२) यांच्या एअरस्ट्रीम कंपनीने १९३६ मध्ये रिव्हेटांनी जोडलेल्या ॲल्युमिनियमचा ‘क्लिपर’ हा ट्रेलर विक्रीस आणला. वजन घटावे व वाऱ्याचा रोध कमी व्हावा म्हणून स्वीकारलेले हे धातूचे कवच पुढे रेडिओ केंद्रचालकांना अनपेक्षितपणे उपयोगी पडले. त्याचे कारण पुढे दिले आहे.

वाहनावर रेडिओ बसविण्याचा प्रयत्न यापूर्वीच झाला होता. गूल्येल्मो मार्कोनी (१८७४–१९३७) यांनी १९०१ मध्ये थॉर्निक्रॉफ्ट कंपनीच्या वाफेवर चालणाऱ्या गाडीत बिनतारी संदेशवहनाची सामग्री बसविली. गाडीच्या छपरावर धातूचे उंच नळकांडे आकाशक म्हणून उभे केले होते आणि प्रवासाच्या वेळी ते आडवे करता येत असे. प्रवासात आडवा आणि मुक्कामात उभा, ही युक्ती त्यानंतर शतकाहून अधिक काळ टिकून राहिली आहे.

लघुतरंगांचा शोध व त्याचा परिणाम : अमेरिकेतील १९१२ च्या रेडिओ अधिनियमाने हौशी केंद्रचालकांना २०० मी. व त्यांहून कमी तरंगलांबीच्या मर्यादेत ठेवले. हे तरंग दूरच्या संदेशवहनास निरुपयोगी आहेत, असा त्या काळी समज होता. २०० मी. तरंगलांबीसाठी चतुर्थांश आकाशक ५० मी. लांब होतो, त्यामुळे वाहनावरील हौशी केंद्राचा विचार व्यवहार्य नव्हता. १९१४ मध्ये हायरम पर्सी मॅक्सिम (१८६९–१९३६) व क्लॅरेन्स टस्का यांनी हार्टफर्ड येथे अमेरिकन रेडिओ रिले लीग ही संघटना स्थापन केली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधील नीस येथील लेआँ दलॉय यांनी अमेरिकेतील फ्रेड श्नेल व जॉन रायनार्ट्‌झ या हौशी केंद्रचालकांशी सु. ११० मी. तरंगलांबीवर अटलांटिकपार दुतर्फा संपर्क साधला. आयनांबरावरून परावर्तित होणारे लघुतरंग अल्प शक्तीनेही खंडपार जातात, हे यावरून सिद्ध झाले. तरंगलांबी जसजशी कमी होत गेली तसतसा आकाशकही लहान होत गेला. निरुपयोगी म्हणून हौशी लोकांकडे सोपविलेल्या तरंगांनीच फिरत्या केंद्राचा मार्ग मोकळा केला.

त्याच वर्षी डॉनल्ड मिक्स हा हौशी केंद्रचालक मॅकमिलन यांच्या आर्क्टिक मोहिमेत ‘बोडन’ जहाजावर रेडिओचालक म्हणून गेला होता. घरापासून दूर, फिरत्या स्थानावरून केंद्र चालविण्याचे हे प्रारंभीचे महत्त्वाचे उदाहरण आहे. मात्र जहाजाला डोलकाठ्या असतात व खाली समुद्राच्या पाण्यासारखा उत्तम संवाहक असतो. रस्त्यावरील वाहनाला यांतील काहीच लाभत नाही.

१९३० नंतरच्या दशकात मोटारगाडीतील हौशी रेडिओ प्रथम ५ मी. पट्ट्यात (सु. ५६ मेगॅहर्ट्‌झ) रुजला. या तरंगलांबीचा चतुर्थांश सु. १·३ मी. इतकाच असल्याने गाडीच्या मागील बंपरावर बसविलेली साधी दांडी पूर्ण लांबीच्या आकाशकाचे काम देई. संपर्काचा पल्ला मात्र दृष्टिरेषेपलीकडे फारसा जात नसे. जून १९३३ मध्ये वरील संघटनेने ‘फील्ड डे’ हा वार्षिक उपक्रम सुरू केला. तीत केंद्रचालक घराबाहेर, उघड्या मैदानावर तात्पुरती केंद्रे उभारतात. हा उपक्रम स्पर्धेच्या स्वरूपाचा असला, तरी आपत्तीच्या वेळी वीज व तारा तुटल्या असता संदेशवहन कसे चालू ठेवावे, याचा सराव हा त्याचा गाभा आहे.

आखूड आकाशकाची समस्या : रात्रीच्या वेळी शेकडो किलोमीटर अंतराचा संपर्क हवा असल्यास ४० वा ८० मी. पट्ट्याकडे वळावे लागते आणि तेथे वाहनावरील दांडी फारच आखूड ठरते. आखूड दांडी विद्युत् दृष्ट्या एखाद्या लहान धारित्राप्रमाणे वागते. तिची धारिता निष्फळ करून अनुस्पंदन साधण्यासाठी तारेचे वेटोळे दांडीशी जोडतात. याने अनुस्पंदन साधते. पण प्रारणक्षमता पूर्ववत होत नाही. उदा., ४० मी. पट्ट्यात २·४ मी. लांबीच्या दांडीचा प्रारण रोध, वेटोळे तळाशी असल्यास, सु. १·३ ओहम भरतो. वेटोळ्याचा रोध ४ ओहम व जमिनीतील ऱ्हासाचा रोध १० ओहम धरल्यास प्रेषकाने दिलेल्या १०० वॉट शक्तीपैकी सु. ८ वॉट शक्तीचेच प्रारण होते. उरलेली शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

यावर दोन बाजूंनी उपाय शोधण्यात आले. पहिला उपाय वेटोळ्याच्या जागेसंबंधी होता. वेटोळे तळाऐवजी दांडीच्या मध्यावर बसविल्यास त्याखालील भागात प्रवाह जवळजवळ एकसारखा राहतो आणि प्रारण रोध सु. दुप्पट होतो. मात्र अशा वेळी वेटोळ्याची प्रवर्तकता अधिक ठेवावी लागते, दांडीचा मध्यभाग जड होतो व वाऱ्याने ती वाकते. दांडीच्या माथ्यावर तारांचे चक्र बसवून धारिता वाढविणे हाही याच प्रकारातील उपाय आहे.

दुसरा उपाय जमिनीसंबंधी होता. जी. एच. ब्राउन, आर. एफ. ल्यूइस व जे. एप्स्टाइन यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उभ्या आकाशकाच्या तळापासून चहूकडे पुरलेल्या तारांची संख्या व लांबी वाढविल्यास ऱ्हास किती कमी होतो, हे मोजून दाखविले. नभोवाणी केंद्रांसाठी १२० तारांची मांडणी त्यांनी योग्य ठरविली. वाहनाला अशा तारा पुरता येत नाहीत. त्यामुळे वाहनाचे धातूचे शरीर हेच आकाशकाचे दुसरे अंग बनते. ट्रेलरचे ॲल्युमिनियमचे कवच उपयोगी पडले ते येथे. सात-आठ मीटर लांब व अडीच मीटर रुंद असा अखंड धातूचा पत्रा मोटारगाडीच्या छपराहून कितीतरी मोठा असतो आणि २० मी. व त्यांहून लहान तरंगलांबीच्या पट्ट्यांत तो चांगला भूयोग देतो.

महायुद्ध व त्यानंतरचा काळ : दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील हौशी केंद्रे बंद ठेवण्यात आली, पण हौशी क्षेत्रातील अनुभव सैन्याच्या कामी आला. शिकागो येथील हॅलिक्राफ्टर्स कंपनीने हौशी केंद्रचालकांसाठी बनविलेल्या प्रेषकावरून सैन्यासाठी ‘एससीआर–२९९’ हे फिरते केंद्र तयार करण्यात आले. त्यात प्रेषक मालमोटारीत आणि वीजजनित्र मागे ओढल्या जाणाऱ्या ट्रेलरमध्ये असे. एकमेकांत जोडता येणाऱ्या तुकड्यांच्या दांड्या आणि त्यांचे चिनी मातीचे निरोधक तळ युद्धोत्तर काळात जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. अनेक हौशी केंद्रचालकांच्या वाहनांवर हेच साहित्य प्रथम चढले. नोव्हेंबर १९४५ मध्ये १० मी. पट्टा पुन्हा खुला झाला. या पट्ट्यात चतुर्थांश दांडी सु. २·६ मी. लांब असल्याने वाहनावर ती वेटोळ्याविना बसविता येते.

इलेक्ट्रॉन नलिकांच्या काळात वाहनातील प्रेषकाला उच्च विद्युत् दाब पुरविण्यासाठी फिरते परिवर्तक यंत्र लागत असे व त्याने गाडीची विद्युत् घटमाला लवकर रिकामी होई. एकपार्श्वपट्ट प्रेषणामुळे यात मोठी सुधारणा झाली. कारण या पद्धतीत वाहक तरंगावर शक्ती खर्च होत नाही. कॉलिन्स कंपनीने १९५७ मध्ये वाहनात बसविता येणारा या पद्धतीचा ‘केडब्ल्यूएम–१’ हा प्रेषक-ग्राही आणला. आकाशकाचा ऱ्हास तोच राहिला. पण उपलब्ध शक्तीचा अधिक भाग वाणीच्या वहनासाठी वापरता येऊ लागला. याच सुमारास ट्रेलरधारकांच्या संघटित प्रवासांना बहर आला होता. वॉली बायम यांच्या नावाचा क्लब १९५५ मध्ये स्थापन झाला आणि १९५९-६० मध्ये एअरस्ट्रीम ट्रेलरांच्या ताफ्याने केपटाउन ते कैरो हा प्रवास केला. निवृत्तीनंतर वर्षातील कित्येक महिने रस्त्यावर घालविणाऱ्या केंद्रचालकांचा एक वर्ग यातून निर्माण झाला. त्यांच्या दृष्टीने ट्रेलर हेच घर असल्याने त्यावरील आकाशक हे तात्पुरते साधन न राहता नित्याचे साधन झाले.

ट्रेलरवर बसविण्याच्या पद्धती : मोटारगाडी व ट्रेलर यांच्या गरजा सारख्या नाहीत. मोटारगाडीतून चालत्या प्रवासात बोलतात. ट्रेलरमधून बहुधा मुक्कामी बोलतात. त्यामुळे ट्रेलरवरील आकाशकाला प्रवासात केवळ सुरक्षित राहावे लागते आणि मुक्कामात शक्य तेवढे मोठे व्हावे लागते.

आकाशकाच्या जागा मुख्यतः तीन आहेत : पुढील जोडदांडा, मागील बंपर वा शिडी आणि छप्पर. छपराची जागा विद्युत् दृष्ट्या सर्वोत्तम असली, तरी उंचीची मर्यादा तेथे सर्वांत जाचक ठरते. शिवाय छपराला भोक पाडल्यास पाणी झिरपून आतील लाकडी सांगाडा कुजतो. या कारणाने पुष्कळ ट्रेलरधारक छप्पर टाळतात. पत्रा पातळ असल्याने दांडीचा वाऱ्याचा भार एका बिंदूवर न येऊ देता आतून जाड पट्टी लावून तो पसरवावा लागतो. ॲल्युमिनियम व तांबे यांचा थेट स्पर्श झाल्यास ओलाव्यात विद्युत् रासायनिक क्षरण होते. म्हणून सांध्यांत कथिलाचा मुलामा दिलेल्या पट्ट्या वा अगंज पोलादाचे भाग वापरतात.

जोडदांड्यावरील आकाशकात एक दोष हमखास आढळतो. गाडी व ट्रेलर यांना जोडणारा गोलक-सांधा यांत्रिक दृष्ट्या भक्कम असला, तरी त्यावरील वंगण व गंज यांमुळे तो विश्वसनीय विद्युत् सांधा नसतो. सांधा हलताच संपर्क तुटतो व जुळतो, अनुस्पंदन सरकते आणि ग्राहीत खरखर ऐकू येते. यासाठी तांब्याच्या विणलेल्या रुंद पट्टीने ट्रेलरची चौकट, त्याचे कवच व आकाशकाचा तळ एकमेकांना जोडतात. ज्या ट्रेलरांचे कवच काचतंतूंच्या प्लॅस्टिकचे व छप्पर रबराचे असते, त्यांत धातूचा पत्रा मुळातच नसतो. अशा ठिकाणी चौकटीपासून जमिनीवर चहूकडे तारा पसरून भूयोग साधतात.

मुक्कामी वापरावयाची दुसरी पद्धत डोलकाठीची आहे. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची ७ ते १० मी. उंचीची काठी ट्रेलरच्या कडेला उभी करतात. तिची बैठक एका लोखंडी पट्टीवर असते आणि ती पट्टी चाकाखाली दाबून ठेवतात, त्यामुळे ट्रेलरचे वजनच काठीला आधार देते. या काठीच्या माथ्यावरून दोन्ही बाजूंना उतरत्या तारा ताणल्या की अर्धतरंग आकाशक तयार होतो. कमी उंचीवरील अशा तारेचे प्रारण बरेचसे वरच्या दिशेने जाते व आयनांबरावरून परत येऊन सभोवतालच्या काही शे किलोमीटर प्रदेशात पोहोचते. उभ्या दांडीचे प्रारण क्षितिजाजवळील दिशांना अधिक असते. म्हणून दूरच्या खंडाशी बोलण्यास दांडी, तर शेजारच्या जिल्ह्याशी बोलण्यास आडवी तार श्रेयस्कर ठरते. आपत्तीच्या वेळी गरज बहुधा दुसऱ्या प्रकारची असते.

नंतरच्या घडामोडी : १९७० नंतर अमेरिकेत २ मी. पट्ट्यातील कंप्रता विरूपण पद्धतीची पुनःप्रेषण केंद्रे झपाट्याने पसरली. डोंगरमाथ्यावरील केंद्र वाहनातून आलेला क्षीण संदेश ग्रहण करून पुन्हा प्रबलपणे प्रसारित करते, त्यामुळे सु. अर्ध्या मीटरच्या दांडीने एका नगराभोवतालचा प्रदेश आवाक्यात येतो. लघुतरंग पट्ट्यांसाठी मात्र मोठ्या आकाशकाची गरज कायम राहिली. १९९० नंतरच्या दशकात डॉन जॉन्सन यांनी विद्युत् पेचकसाच्या लहान मोटरने वेटोळ्याचा उपयुक्त भाग कमीजास्त करण्याची रचना लोकप्रिय केली. तीमुळे पट्टा बदलताना खाली उतरून वेटोळे बदलण्याचे कारण उरले नाही. २०१७ मध्ये जो टेलर व स्टीव्हन फ्रँक यांनी तयार केलेली ‘एफटी–८’ ही अंकीय पद्धत प्रसृत झाली. गोंगाटात बुडालेला अतिक्षीण संदेशही तिच्याद्वारे उलगडता येत असल्याने आखूड आकाशकाची उणीव पुष्कळशी भरून निघाली. मात्र ट्रेलरवरील सौर पट्टांचे नियंत्रक व विद्युत् परिवर्तक यांपासून उद्‌भवणारा गोंगाट ही नवी अडचण पुढे आली आहे.

सामाजिक कारणांचाही या विकासाला हातभार लागला. अमेरिकेतील अनेक निवासी वसाहतींत घरावर आकाशक उभारण्यास मज्जाव असतो. फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९८५ मध्ये स्थानिक शासनांनी हौशी आकाशकांना वाजवी सवलत द्यावी असा निर्णय दिला. परंतु वसाहतींतील खाजगी करारांना तो लागू नव्हता. घरी आकाशक उभारता न येणाऱ्यांना ट्रेलर घेऊन मोकळ्या जागी जाणे हा मार्ग उरला. २०१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांतून केंद्रे चालविण्याचा वर्षभराचा उपक्रम झाल्यावर या प्रकाराला आणखी चालना मिळाली.

सुरक्षितता : ट्रेलरवरील आकाशकाचा सर्वांत मोठा धोका डोक्यावरील वीजवाहक तारांचा असतो. धातूची काठी उभारताना वा उतरविताना ती तारेला लागल्यास मृत्यू ओढवतो. म्हणून काठी कोणत्याही बाजूस पडली, तरी तारेपर्यंत पोहोचणार नाही एवढे अंतर राखतात. वादळी हवेत काठी उतरवून केबल प्रेषकापासून सोडवितात. आखूड आकाशकाच्या दांडीवर प्रेषणाच्या वेळी हजारो व्होल्ट दाब निर्माण होत असल्याने ती मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी असावी लागते. निघण्यापूर्वी दांडी आडवी केली आहे याची खात्री करणे हा नियम साधा असला, तरी तो मोडल्यास पहिल्याच पुलाखाली आकाशक मोडतो.

भारतातील स्थिती : भारतात अमरेंद्र चंद्र गुप्तू यांना १९२१ मध्ये हौशी रेडिओचा पहिला परवाना मिळाला. ॲमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९४८ मध्ये महू येथे स्थापन झाली आणि १९७८ मध्ये हौशी सेवेचे स्वतंत्र नियम करण्यात आले. प्रवासी ट्रेलरचा प्रसार भारतात फारसा झालेला नाही; येथील फिरती केंद्रे मुख्यतः मोटारगाडीत वा तंबूत उभारली जातात. तथापि ट्रेलरच्या निमित्ताने विकसित झालेली तत्त्वे त्यांनाही तशीच लागू पडतात. २००१ च्या भूज भूकंपात हौशी केंद्रचालकांनी संदेशवहनास साहाय्य केले. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली तेव्हा हौशी केंद्रचालकांचे एक पथक पोर्ट ब्लेअर येथे आधीच उपस्थित होते. संदेशवहन विस्कळित झालेल्या त्या दिवसांत पथकाने अंदमान-निकोबारमधील वार्ता मुख्य भूमीकडे पोहोचविल्या.

भ्रमणध्वनी व उपग्रहीय दूरध्वनी यांच्या प्रसारानंतर प्रवासातील नित्याच्या संभाषणासाठी हौशी रेडिओची आवश्यकता उरलेली नाही. परंतु भ्रमणध्वनीचे मनोरे, त्यांचा वीजपुरवठा व त्यांना जोडणाऱ्या वाहिन्या यांपैकी एक जरी निकामी झाली, तरी ती सेवा खंडित होते. स्वतःची वीज, स्वतःचा प्रेषक व स्वतःचा आकाशक बरोबर बाळगणारे केंद्र अशा कोणत्याही मध्यस्थ यंत्रणेवर अवलंबून नसते. त्याची उपयुक्तता मात्र अखेर आकाशकाच्या कार्यक्षमतेवर ठरते. आणि ती कार्यक्षमता आपत्तीच्या दिवशी ऐन वेळी मिळत नाही, तर भूयोग, सांधे व अनुस्पंदन यांची आधी केलेली पारख व नियमित सराव यांतूनच ती हाती येते.